क्लाउनफिशचा सव्वा महिना

घरात काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याचा छंद आपल्याकडे नवा नाही. गोल्डफिश, गप्पी, एंजल, फायटर ही मंडळी तालुक्याच्या गावांतील दवाखान्यांत, उपाहारगृहांत आणि दिवाणखान्यांत केव्हाच स्थिरावली आहेत. परंतु २००३ साली ‘फाइंडिंग निमो’ हा चित्रपट आला आणि नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला एक चिमुकला समुद्री मासा घरोघरच्या मुलांच्या ओळखीचा झाला. हाच क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासा. मुलांच्या हट्टापायी तो मुंबई-पुण्याहून आणणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. अवघड आहे ते त्याला जगवणे. नवा आणलेला मासा आठ-पंधरा दिवसांत दगावला की ‘त्याला आपली हवा मानवली नाही’ असे म्हणून घरची मंडळी मोकळी होतात. खरे कारण हवा नसते. बहुतेक वेळा ते घाई हे असते.

आरोग्याच्या सदरात माशाचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. काम दोन प्रकारे आहे. माशाला निरोगी ठेवण्याचे नियम माणसाच्या आरोग्याच्या नियमांहून फार वेगळे नाहीत. दुसरे म्हणजे, घरातील मत्स्यपेटीचा घरच्यांच्या आरोग्याशीही संबंध येतो आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते.

आपल्याकडे बाळंतीण आणि बाळ यांना सव्वा महिना वेगळे, उबेत आणि गर्दीपासून दूर ठेवण्याची रीत आहे. परदेशांत बंदरावर आलेल्या जहाजांना चाळीस दिवस दूर उभे करीत. ‘क्वारंटाइन’ हा शब्दच मुळी इटालियन भाषेतील ‘चाळीस’ या अर्थाच्या शब्दापासून आला आहे. २०२० च्या साथीत विलगीकरण म्हणजे काय, हे आपण सर्वांनी अनुभवले. नव्या क्लाउनफिशलाही असाच सव्वा महिना द्यावा लागतो. तो दिला तर हा मासा पेटीत पंधरा-वीस वर्षेही जगू शकतो. एवढ्या दीर्घायुषी जिवाचा निकाल पहिल्या काही दिवसांतच लागतो, म्हणून या दिवसांची माहिती नीट करून घेणे आवश्यक आहे.

आधी ओळख पटवा

पहिली गफलत नावातच होते. दुकानात ‘जोकर’ किंवा ‘क्लाउन’ या नावाने दोन अगदी निराळे मासे मिळू शकतात. एक खरा क्लाउनफिश. तो खाऱ्या पाण्याचा. दुसरा क्लाउन लोच. तो बोर्निओ आणि सुमात्रा बेटांवरील नद्यांतला, गोड्या पाण्याचा. दोघेही नारिंगी आणि पट्टेवाले. परंतु क्लाउन लोचच्या नारिंगी अंगावर रुंद काळे पट्टे असतात आणि तोंडाजवळ मिशा असतात. नेहमीच्या नारिंगी क्लाउनफिशचे पट्टे पांढरे असतात आणि त्याला मिशा नसतात. काळे पट्टे नदीचे, पांढरे पट्टे समुद्राचे, अशी खूण ध्यानात ठेवावी. क्लाउनफिश गोड्या पाण्याच्या पेटीत सोडला तर तो फार काळ जगत नाही. घरात गोड्या पाण्याचीच पेटी असेल तर या माशाचा मोह टाळलेला बरा.

क्लाउनफिशच्या सुमारे ३० जाती आहेत. सगळ्या हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उष्ण पाण्यात, प्रवाळांच्या परिसरात राहतात. आपल्या देशाच्या हद्दीत अंदमान, लक्षद्वीप आणि मन्नारचे आखात येथे त्यांच्या काही जाती आढळतात. बाजारात ‘निमो’ म्हणून मिळतो तो बहुधा ऑसेलॅरिस. त्याच्याशी हुबेहूब दिसणारा दुसरा म्हणजे परक्युला. ऑसेलॅरिसच्या पांढऱ्या पट्ट्यांना काळी किनार असते ती पेन्सिलीच्या रेघेसारखी बारीक. परक्युलाची किनार जाड आणि ठळक असते. परक्युलाच्या डोळ्याभोवतीचे कडे झळझळीत नारिंगी असते, ऑसेलॅरिसचे मळकट. पाठीवरच्या पराचे काटे मोजता आले तर ऑसेलॅरिसचे साधारणतः ११ आणि परक्युलाचे साधारणतः १० भरतात. दोघांची निगा सारखीच असल्याने या दोहोंत चूक झाली तरी बिघडत नाही. मात्र परक्युलाच्या नावाने जास्त किंमत सांगितली जात असेल तर किनार पाहून घ्यावी.

बिघडते ते पुढच्या जातींत. गडद लालसर तपकिरी रंगाचा, गालावर काटा असलेला मासा म्हणजे मरून क्लाउनफिश. त्याची मादी १५ सेंटिमीटरच्याही पुढे वाढते आणि पेटीतील इतरांना सळो की पळो करून सोडते. डोक्यामागे एकच पांढरा पट्टा असलेला लाल मासा टोमॅटो क्लाउनफिश असतो. लहानपणी त्याच्याही अंगावर जास्त पट्टे असतात, म्हणून पिल्लू पाहून फसगत होते. पिवळ्या शेपटीचे, काळपट अंगाचे ते क्लार्की किंवा सेबे जातीचे. तेही ऑसेलॅरिसपेक्षा मोठे आणि तापट. प्रथमच पाळणाऱ्यांनी ऑसेलॅरिसच घ्यावा.

काही माशांचे पट्टे वेडेवाकडे, अर्धवट किंवा अंगभर पसरलेले असतात. काही जन्मतः काळे-पांढरे असतात. हा आजार नव्हे. कृत्रिम पैदाशीत असे नमुने निपजतात आणि मुद्दाम जोपासलेही जातात. जन्माचा पांढरा रंग स्वच्छ, कडांना रेखीव असतो. आजाराचा पांढरेपणा मळकट, धुरकट आणि दिवसागणिक बदलणारा असतो.

दुकानात काय पाहावे

मासा निवडताना किमान दहा मिनिटे पेटीसमोर उभे राहावे. डोळे स्वच्छ हवेत. पर फाटलेले नसावेत. पोट खपाटीला गेलेले नसावे. तोंड सतत उघडे ठेवून, कल्ले भराभर हलवीत पृष्ठभागाशी धापा टाकणारा मासा घेऊ नये. त्याच पेटीत दुसरा एखादा मासा मेलेला किंवा ठिपक्यांनी भरलेला दिसला तर तेथला सर्वांत चपळ मासाही घेऊ नये, कारण पाणी एकच असते.

दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात. मासा येऊन किती दिवस झाले? तो काय खातो? तो समुद्रातून पकडलेला आहे की पैदास केंद्रातला? आल्याला आठवडा उलटला असेल आणि आपल्यासमोर तो खाताना दिसला तर निम्मी चिंता मिटते. पैदास केंद्रातला मासा नेहमी पसंत करावा. तो पेटीला सरावलेला असतो, सुके खाद्य खातो, त्याच्यात परजीवी कमी असण्याची शक्यता असते आणि त्याच्यासाठी प्रवाळांचा परिसर ओरबाडावा लागत नाही. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींची बंदिस्त पैदास यशस्वी करून दाखवली आहे. त्यामुळे असा मासा मागणे ही काही अवास्तव मागणी नाही.

घ्यायचेच असतील तर दोन घ्यावेत, एकाच जातीचे, एक थोडा मोठा आणि एक लहान. या माशांत निसर्गाची मोठी गंमत आहे. पिल्लांना सुरुवातीला नर-मादी असा भेद नसतो. गटातील सर्वांत मोठा मासा मादी होतो, दुसऱ्या क्रमांकाचा नर. मादी मेली तर नराचेच रूपांतर मादीत होते. म्हणून ‘जोडी लावून द्या’ असा हट्ट दुकानदाराजवळ धरण्याचे कारण नाही. लहान-मोठे दोन आणले की जोडी तेच लावतात. तीन-चार आणले तर मात्र वाढत्या वयात मारामाऱ्या होतात आणि दुबळ्याचा जीव जातो.

समुद्रात हे मासे समुद्रफुलांच्या, म्हणजे ॲनिमोनच्या विषारी भुजांत निर्धास्त राहतात. म्हणून माशाबरोबर ॲनिमोनही घ्यावा, असा सल्ला मिळतो. तो मानू नये. ॲनिमोनला प्रखर प्रकाश आणि जुनी, स्थिर पेटी लागते. नव्या पेटीत तो मरून कुजला तर पाणी नासते आणि मासेही जातात. क्लाउनफिश त्याच्याविना आनंदाने राहतो. खडकाळ प्रवाळ तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. समुद्रातून काढलेले असे प्रवाळ शोभेसाठी विकत घेणे हा गुन्हा ठरू शकतो.

मासा येण्यापूर्वी पाणी तयार हवे

सर्वांत मोठी घाई येथे होते. सकाळी पेटी, दुपारी पाणी आणि संध्याकाळी मासे, असे समुद्री पेटीत चालत नाही. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो कल्ले जाळतो. निसर्गात काही उपयुक्त जीवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. दुधाला विरजण लागायला जशी रात्र जावी लागते, तसे नव्या पेटीत हे जीवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासा न सोडता पेटी चालू ठेवावी, रोज चिमूटभर खाद्य टाकावे आणि बाजारात मिळणाऱ्या चाचणी संचाने पाणी तपासावे. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊन टिकले म्हणजे घर तयार झाले.

पाणी खारे करण्यासाठी स्वयंपाकाचे मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात नुसते मीठ नसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर अनेक क्षार असतात. त्यासाठी समुद्री पेटीचे खास मीठ मिळते. एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार या हिशेबाने १०० लिटर पाण्याला साडेतीन किलोच्या वर मीठ लागते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि बोअरचे पाणी जड असते, म्हणून आरओचे पाणी वापरावे. कोकणातील वाचकांना समुद्र जवळ असल्याने किनाऱ्यावरून घागर भरून आणण्याचा मोह होईल. परंतु खाडीच्या मुखाशी आणि पावसाळ्यात ते पाणी पातळ आणि गढूळ असते. सांडपाणी, डिझेलचा तवंग आणि रोगजंतू त्यात येऊ शकतात.

पाण्याचे विशिष्ट गुरुत्व १.०२३ ते १.०२६, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि सामू, म्हणजे पीएच, ८.१ ते ८.४ असावा. एका जोडीसाठी ८० लिटरपेक्षा लहान पेटी घेऊ नये. लहान पेटीतले पाणी लवकर बिघडते. गोल भांड्यात तर हा मासा ठेवूच नये.

प्रवास आणि पहिला दिवस

शहरातून मासा आणताना पिशवीत पाणी एक तृतीयांश आणि बाकी हवा किंवा प्राणवायू असावा. पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवून प्रवास शक्यतो रात्री किंवा पहाटे करावा. भर दुपारी बसच्या खिडकीत किंवा बंद मोटारीत पिशवी ठेवली तर मासा वाटेतच उकडून निघतो.

घरी आल्यावर खोलीतील व पेटीतील दिवे मंद करावेत. बंद पिशवी पेटीच्या पाण्यावर १५ ते २० मिनिटे तरंगत ठेवावी. त्याने तापमान सारखे होते. त्यानंतर पिशवीतील पाण्याचा खारेपणा मोजावा. कित्येक दुकानांत पाणी मुद्दाम कमी खारे ठेवलेले असते. म्हणून दुकानातच खारेपणा विचारून, नव्या माशाच्या पेटीतील पाणी आधीच तितके करून ठेवणे सर्वांत उत्तम. पुढे काही दिवसांत तो हळूहळू वाढवता येतो. फरक थोडा असेल तर पिशवीत पेटीचे पाणी थोडे थोडे मिसळत अर्ध्या तासात मासा सोडावा. लांबच्या प्रवासानंतर उघडी पिशवी तासन्‌तास ठेवू नये. पिशवी उघडताच आतील कार्बन डायऑक्साइड उडून जातो, सामू वाढतो आणि साचलेला अमोनिया अधिक विषारी बनतो. म्हणजे ज्याला आपण सावधगिरी समजतो तीच घातक ठरते.

मासा जाळीने किंवा लहान वाटीने उचलून सोडावा. पिशवीतील पाणी पेटीत ओतू नये. त्या दिवशी खाद्य देऊ नये. एक-दोन दिवस त्याने खाल्ले नाही तरी घाबरण्याचे कारण नाही.

वेगळी खोली

घरात आधीचे मासे असतील तर नवा मासा त्यांच्यात थेट सोडू नये. त्यासाठी चाळीसएक लिटरची साधी काचेची पेटी पुरते. तळाशी वाळू नको. लपायला प्लास्टिकच्या पाइपाचा तुकडा, एक हीटर, एक एअर पंप आणि स्पंजचा फिल्टर एवढे साहित्य बस्स होते. स्पंज आधी महिनाभर मुख्य पेटीत ठेवून मग येथे आणला तर उपयुक्त जीवाणू आयतेच मिळतात. या पेटीची जाळी, नळी आणि बादली वेगळी ठेवावी. एकाच जाळीने दोन्ही पेट्यांत हात घातला तर विलगीकरणाचा अर्थच उरत नाही. घरात हे पहिलेच मासे असतील तर मोठ्या पेटीत फक्त त्यांनाच ठेवून निरीक्षण करता येते. परंतु औषधोपचारासाठी लहान पेटी हाताशी हवीच.

या सव्वा महिन्यात रोज एका वहीत तीन नोंदी कराव्यात: खाल्ले की नाही, श्वास कसा आहे, अंगावर काही दिसते का. मासा शांत असताना एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात ते मोजून ठेवावे. पुढे हा आकडा एकदम वाढला तर तो पहिला इशारा समजावा. आपल्याकडे डॉक्टर नाडी पाहतात, तसे माशाचे कल्ले पाहावेत. खाद्य दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. समुद्री माशांचे दाणे आणि गोठवलेले झिंगे योग्य. पोळीचा तुकडा, पाव किंवा कुरमुरे देऊ नयेत.

तीन आजार

नव्या क्लाउनफिशवर येणारे तीन आजार प्रमुख आहेत आणि तिन्ही डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवींमुळे होतात.

पहिला ब्रुकलिनेला. हा या माशांना इतका होतो की छंदिष्टांत तो ‘क्लाउनफिशचा रोग’ म्हणूनच ओळखला जातो. अंगावर दाट बुळबुळीत थर येतो, कातडी सोलल्यासारखी लोंबते, मासा धापा टाकतो आणि दोन-चार दिवसांत दगावू शकतो. दुसरा मखमल रोग. अंगावर बारीक सोनेरी-राखाडी भुकटी शिंपडल्यासारखी दिसते. पण तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे भुकटी दिसण्यापूर्वीच मासा जोरात श्वास घेऊ लागतो आणि उजेड टाळतो. तिसरा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. मिठाचे कण चिकटल्यासारखे ठिपके दिसतात आणि मासा दगडाला अंग घासतो.

या तिसऱ्या रोगात मोठी फसवणूक आहे. काही दिवसांनी ठिपके आपोआप नाहीसे होतात आणि ‘बरा झाला’ म्हणून घरात आनंद होतो. प्रत्यक्षात परजीवी माशाला सोडून तळाशी गेलेले असतात. तेथे ते कवच करून वाढतात आणि एकेका कवचातून शेकड्याने नवे जीव बाहेर पडतात. पुढचा हल्ला पहिल्यापेक्षा जबरदस्त असतो. काही कवचे फुटायला अनेक आठवडे लागतात. विलगीकरण आठ दिवसांचे न ठेवता सव्वा महिन्याचे का ठेवायचे, याचे उत्तर येथे आहे.

तिन्ही रोगांचे औषध एक नाही. मखमल रोग आणि पांढरे ठिपके यांवर तांब्याची औषधे चालतात, ब्रुकलिनेलावर ती उपयोगी पडत नाहीत. तेथे फॉर्मॅलिनचा उपचार करतात. म्हणून निदानाआधी औषध ओतू नये. तांबे फक्त वेगळ्या पेटीत आणि चाचणी संचाने प्रमाण मोजूनच वापरावे. मुख्य पेटीत ते गेले तर कोळंबी, शंख, ॲनिमोन मरतात. फॉर्मॅलिन तर माणसालाही घातक आहे. त्यातील फॉर्माल्डिहाइड हे कर्करोगकारक असल्याचे मान्य झालेले आहे. ते जाणकाराच्या किंवा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवूनच हाताळावे आणि मुलांपासून दूर ठेवावे.

याउलट काही गोष्टी आजार वाटतात, पण तो या माशाचा स्वभाव असतो. क्लाउनफिश डुलत, हेलकावे घेत पोहतो. रात्री तो कोपऱ्यात कलंडून किंवा पृष्ठभागाजवळ झोपतो. लहान मासा मोठ्यासमोर अंग थरथरवतो. ती शरणागतीची खूण आहे, फिट नव्हे. श्वास शांत आणि भूक चांगली असेल तर त्याला औषध नको, निवांतपणा हवा.

उन्हाळा, वीज आणि डासांची औषधे

आपल्याकडील उन्हाळा हा या माशाचा शत्रू आहे. विदर्भ-मराठवाड्यात घरातले तापमान पस्तिशी ओलांडते तेव्हा पेटीतले पाणीही तापते. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. पेटीवरचे झाकण काढून, वर जाळी लावून छोटा पंखा पाण्यावर सोडला तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. मात्र त्यामुळे पाणी आटते आणि मीठ मागे राहते. आटलेल्या जागी आरओचे गोडे पाणीच भरावे, खारे नव्हे. वीज गेली तर फिल्टर बंद पडतो. यासाठी बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावा. साठवून ठेवलेल्या गोड्या पाण्याच्या पिंपावर झाकण ठेवावे, नाहीतर तेथे डेंग्यूच्या डासांची पैदास होते.

डासांच्या औषधांची गोष्ट मात्र दुर्लक्षित राहते. कॉइल, वड्या, फवारे आणि प्लगला लावायच्या द्रवांत पायरेथ्रॉइड गटाची द्रव्ये असतात. माणसाला त्यांचा त्रास कमी होतो, परंतु माशांना ती अत्यंत विषारी असतात आणि एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो. पेटीच्या खोलीत ही औषधे लावू नयेत. मच्छरदाणी वापरावी.

घरच्यांचे आरोग्य

१९२६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या समुद्री माशांत ॲरनसन या संशोधकाला एक जीवाणू सापडला. तो क्षयरोगाच्या जीवाणूचा नातलग, मायकोबॅक्टेरियम मरिनम. पुढे १९५१ साली स्वीडनमध्ये जलतरण तलावातून आलेल्या त्वचेच्या गाठींत तो माणसातही आढळला. आज त्याचा संसर्ग मत्स्यपेटी साफ करणाऱ्यांच्या हातांवर अधिक दिसतो. बोटावर लहान जखम असताना हात पाण्यात घातला तर दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, तेथे लालसर गाठ येते. ती भरत नाही. कधी कधी हातावर वरच्या दिशेने एकापाठोपाठ एक गाठी उठतात. हा संसर्ग एका माणसाकडून दुसऱ्याला सहसा होत नाही आणि योग्य प्रतिजैविकांनी तो बरा होतो. परंतु उपचार काही महिने चालतात.

येथे रुग्णाची एक जबाबदारी आहे. असा फोड घेऊन डॉक्टरांकडे जाताना ‘घरी माशांची पेटी आहे’ हे आवर्जून सांगावे. हा जीवाणू सुमारे ३० ते ३२ अंश तापमानाला चांगला वाढतो. प्रयोगशाळेने नेहमीच्या ३७ अंशांवरच नमुना ठेवला तर तो निसटू शकतो. आपले एक वाक्य डॉक्टरांना योग्य तपासणीकडे नेते. मनाने स्टेरॉइडचे मलम चोळत बसू नये.

प्रतिबंध सोपा आहे. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये किंवा लांब हातमोजे घालावेत. काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. पेटीत हात घालण्यापूर्वी मात्र हातावर साबण, तेल किंवा अत्तर नसावे. पाणी काढताना नळी तोंडाने ओढण्याची सवय सोडून द्यावी. पेटीची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत धुऊ नयेत. मधुमेही, कर्करोगाचे उपचार घेणारे आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तींनी सफाईचे काम दुसऱ्याकडे सोपवावे.

विजेची काळजीही तितकीच महत्त्वाची. खारे पाणी वीज उत्तम वाहून नेते. हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप बंद करावेत. वायर आधी सॉकेटच्या खाली झोळासारखी सोडून मग वर न्यावी, म्हणजे थेंब प्लगपर्यंत ओघळत जात नाही. वीजगळती होताच प्रवाह तोडणारा सर्किट ब्रेकर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा.

सव्वा महिन्यानंतर

या काळात मासा रोज खात असेल, श्वास शांत असेल आणि अंग स्वच्छ असेल तर त्याला मुख्य पेटीत न्यावे. मधेच एखादा आजार निघाला तर उपचार पूर्ण झाल्यावर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावेत. दुर्दैवाने मासा दगावला तर त्याला गटारात टाकू नये, पुरावा. पेटी धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी. आणि हौस फिटली म्हणून जिवंत मासा विहिरीत, तलावात किंवा किनाऱ्यावर सोडू नये. गोड्या पाण्यात तो मरतो आणि समुद्रात पेटीतले रोग नेतो.

मुलांनी हट्ट धरला तर त्यांना नाही म्हणण्याची गरज नाही. कॅलेंडर पुढे ठेवून दोन महिने दाखवावेत: एक पाणी तयार होण्याचा, दुसरा माशाला सांभाळून पाहण्याचा. तेवढे थांबायची मुलांची तयारी असेल तर कल्ले मोजण्याची वही त्यांच्याच हाती द्यावी. तेवढी तयारी नसेल तर मासा दुकानातच राहू द्यावा.